शौकत मला ब्लॅकमेल करतो आहे

५ जानेवारी १९९१, शनिवार. दम्माम

यंदाचा संकल्प करायला उशीर झाला. थकवा होता. संकल्प असा: युद्ध झालं तरी डोकं शांत ठेवायचं. माझं असतंच, पण लिहून ठेवलेलं बरं.

हॉस्पिटलात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दोन इजिप्शियन डॉक्टर सुट्टीवर गेले ते परत आलेच नाहीत. लॅबमध्ये आता मी आणि एक फिलिपिनो टेक्निशियन. पॅथॉलॉजिस्ट गेला तर हॉस्पिटल आंधळं होईल, हे मी मुदीरना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, बऱ्याचदा सांगितलं आहे. ते मान हलवतात. त्यांना इंग्रजी कमी येतं.

अहिल्या म्हणाली, तिकिटांचं काय ते बघा, रुचाची दहावी आहे. म्हटलं, पॅनिक होऊ नकोस. ती म्हणाली, मी भात लावतेय, पॅनिक कुठे होतेय.

८ जानेवारी, मंगळवार

तिकिटांचं बघितलं. निव्वळ कुटुंबासाठी.

पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या अरब मालकाकडे, आणि कफीलपर्यंत जायचं तर मुदीरमार्फत. भीती वाटते हे कारण मुदीर घेत नाहीत. काल एका नर्सला त्यांनी तेवढ्यावरून परत पाठवलं. म्हणून आई फार आजारी आहे असं सांगितलं. म्हटलं तर यात खोटं काही नाही. आई वारली त्याआधी बराच काळ आजारी होती. फक्त त्याला आता आठ वर्षं झाली.

भाषांतराला शौकत होता. शौकत आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहतो. मूळ हर्णैचा. ट्रॅव्हल एजन्सी चालवतो, आमच्या हॉस्पिटलची व्हिसाची कामं करतो, आणि अरबी मुदीरपेक्षा जास्त जोरात बोलतो. मी इंग्रजीत एक वाक्य बोललो. तो अरबीत बरीच बोलला. मध्येच त्याचा आवाज भरून आला आणि त्याने रुमाल काढला. मुदीरही हळहळले. अर्ज वर पाठवतो म्हणाले, वेळ लागेल.

बाहेर आल्यावर शौकतने माझा हात दोन्ही हातांत धरला. फार वेळ धरला. मला तेव्हाच जरा वेगळं वाटलं.

११ जानेवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या सुबोधकडे तिळगूळ, शुक्रवारची सुट्टी म्हणून संक्रांतीआधीच. सुबोध कन्स्ट्रक्शन कंपनीत इंजिनीअर आहे, बायको-मुलं पुण्याला पाठवून एकटा राहतो. दम्माममधली उरलेली मराठी मंडळी जमली होती. सगळे पडेल चेहऱ्याचे. कोणीतरी धीर द्यायला हवा होता. मी उभा राहिलो. म्हटलं, शेवटचा पेशंट असेपर्यंत मी दम्माम सोडणार नाही. थोड्या टाळ्या पडल्या. रुचा म्हणाली, "पप्पा, यू डोन्ट हॅव पेशंट्स. यू हॅव स्लाइड्स." हल्लीच्या इंग्लिश मीडियमने मुलं उद्धट होतात.

शौकत आणि त्याची बायको झेबाही होते. शौकतने सगळ्यांत शेवटी टाळ्या थांबवल्या. बाकी सगळे गप्प झाल्यावरही तो वाजवत होता, आणि माझ्याकडे बघत होता. अर्ज केलेल्या माणसाकडे बघावं तसा.

अर्ज आणि भाषण यांत विसंगती नाही. अर्ज ही तरतूद आहे. भाषण ही भूमिका आहे.

१३ जानेवारी, रविवार

ब्रिटिश मेट्रनने एक व्हिडिओ कॅसेट दिली. जुनी, काळीपांढरी, इंग्रजी कॉमेडी. म्हणाली, या दिवसांत हसलेलं बरं. स्टिकरवरचं नाव पुसट झालंय.

संध्याकाळी अर्धी पाहिली. समुद्रकाठचं गाव. तिथे बो टाय लावणारा एक फोटोग्राफर. अतिशय गोड माणूस. गावातल्या प्रतिष्ठितांकडे चहाला येतो आणि सहज एखादी गोष्ट विचारतो. मेजरला विचारतो, तुम्ही नेमक्या कुठल्या लढाईत होता? गाणं शिकवणाऱ्या बाईंना विचारतो, मिस्टर परतले का? तो काही मागत नाही. नुसतं विचारतो आणि केक खातो. त्या लोकांचे चेहरे पांढरे पडतात. घरी जाऊन ते त्याला भेटवस्तू पाठवू लागतात.

अहिल्या आणि रुचा फार हसल्या. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही. अब्रूचा प्रश्न आहे.

जेवून पुढचा भाग लावला तर बहरीन टीव्हीवरची गाणी. रुचाने शेवटावर रेकॉर्डिंग केलं. तिला समज दिली. "सॉरी" म्हणाली आणि गाणी बघत बसली.

१५ जानेवारी, मंगळवार

सैन्य मागे घ्यायला दिलेली मुदत आज संपते. सगळे रेडिओला चिकटून. मी शांत. दुपारी जेवण गेलं नाही, पण ते वांग्यामुळे.

संध्याकाळी शौकत आला. कामाशिवाय. सोफ्यावर बसला, बरोबर आईच्या फोटोखाली. चंदनाचा हार घातलेला फोटो. शौकतने तो नीट पाहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आईंची तब्येत कशी आहे?"

अहिल्या चहा घेऊन दारात उभी. 

अहिल्या म्हणाली, "आता बरं आहे. बीपी तेवढं असतं." तिला वाटलं तिच्या आईचं विचारतोय. तिची आई नाशिकला असते, खणखणीत आहे. शौकत म्हणाला, अल्ला उम्र देवो. मग त्याने नानकटाया खाल्ल्या.

फोटो डोक्यावर असताना विचारलं. काही मागितलं नाही. नुसतं विचारलं आणि खाल्लं.

मला फिल्म आठवली. यापुढे सावध राहायचं.

१७ जानेवारी, गुरुवार

युद्ध सुरू झालं. पहाटेपासून विमानांचा आवाज. विमानतळ बंद, त्यामुळे अर्ज मंजूर झाला तरी इथून विमान नाही. रस्त्याने पार जेद्दाला जावं लागेल.

विषारी गॅस आत येऊ नये म्हणून बेडरूमच्या खिडकीला प्लास्टिक आणि ब्राऊन टेप लावली. सायरन झाला की त्या खोलीत जायचं, दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा, मास्क लावायचा. सगळ्यांना डेमो दिला. मास्कचा पट्टा माझ्या कानात अडकला, तो रुचाने सोडवला.

शौकत खालून ओरडून विचारत होता, सगळे ठीक ना, आणि आईंना फोन लागला का. जिन्यात चार घरं ऐकत होती.

२१ जानेवारी, सोमवार

झोप नाही. रोज सायरन. ओला टॉवेल दारात कोंबण्याचं काम माझं, आणि ते मी चोख करतो. अहिल्या म्हणते की मी टॉवेल कोंबतो तेव्हा ती आणि रुचा अजून बाहेर असतात. एकदा झालं असेल.

शौकतचा पहिला हप्ता. झेबाला सहावा महिना आहे. तिची शुगर तपासून द्याल का, त्याने विचारलं. विचारण्याची पद्धत फार नम्र. मी मुकाट्याने तपासून दिली. अहिल्या म्हणाली, शेजाऱ्याची बायको गरोदर आहे, यात हप्ता कसला? तिला काही सांगता येत नाही. तिला अर्जातलं कारण ठाऊक नाही. सांगणार होतो. राहून गेलं.

२५ जानेवारी, शुक्रवार

मदिन्याहून शौकतच्या धाकट्या भावाने झमझमचं पवित्र पाणी पाठवलं. भाऊ, मुआज, तिथे एका हॉटेलात काम करतो. शौकतने बाटली मला दिली. म्हणाला, आईंसाठी. मुआज रोज नमाजानंतर त्यांच्यासाठी दुआ मागतो.

केवढा थंड डोक्याचा माणूस. आता मदिन्यापर्यंत जाळं पसरलंय.

बाटली कपाटात कपड्यांमागे ठेवली. फेकवत नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

एकटं लढणं शक्य नाही. फिल्ममध्येही मेजर, गाण्याच्या बाई आणि गावातला एक नगरसेवक एकत्र येतात. मीही आघाडी उभारायची ठरवली. सुबोधला जिन्यात गाठलं. आडून विचारलं की शौकत त्याला काही विचारतो का. तो म्हणाला, रोज. बहिणीचं लग्न जमलं का म्हणून. मी सूचक नजरेने म्हटलं, आणि तू काय सांगतोस? तो म्हणाला, नाही जमलं म्हणून सांगतो. मी म्हटलं, खरंच बहीण आहे? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, डॉक्टर, तुम्ही झोपा जरा.

आघाडीत सध्या मी एकटा. पण सुबोध विचार करतोय असं वाटलं.

३१ जानेवारी, गुरुवार

कॅसेट परत केली. शेवट काय आहे ते मेट्रनला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणे, त्या फोटोग्राफरला कोणाचंच काही ठाऊक नसतं. तो बिचारा एकटा असतो, लोकांची चौकशी करायची त्याला आवड असते. हे तिघे कट करायला एकत्र बसतात आणि एकमेकांसमोर आपापली भानगड स्वतःच ओकून टाकतात. गावात बोंब होते ती यांच्याच तोंडून.

मला हा शेवट पटला नाही. एवढा पुढचा मागचा विचार करून बनवलेली फिल्म अशी संपणार नाही. मेट्रनचंही वय झालं. दुसऱ्या कुठल्या तरी फिल्मशी घोळ घालत असेल.

४ फेब्रुवारी, सोमवार

प्रतिहल्ल्याची वेळ. ब्लॅकमेल करणाऱ्याची स्वतःची भानगड शोधायची आणि हिशेब बरोबर करायचा. शौकत रोज दुपारी गाडी घेऊन कुठेतरी जातो. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून पाठलाग केला. मागून जाताना मध्ये एक ट्रक ठेवला. कसबी लोक असंच करतात.

गावाबाहेर गोडाऊनची रांग. एका शटरसमोर तो थांबला. मी लांब थांबलो. त्याने वळून पाहिलं आणि हात हलवला.

"डॉक्टरसाहेब, बरं झालं आलात. माझ्या गाडीत मावत नव्हते."

आत छतापर्यंत ब्राऊन टेपचे खोके आणि प्लास्टिकची भेंडोळी. युद्धाआधीच भरून ठेवलेली. मी गंभीर आवाजात म्हटलं, "शौकत, मला आता सगळं कळलंय."

तो म्हणाला, "सगळ्यांनाच ठाऊक आहे. धंदा आहे. वहिनी माझ्याकडूनच टेप घेऊन गेल्या. तुम्हाला स्वस्तात दिली, आईंच्या टेन्शनमध्ये आहात म्हणून."

माझी डिकी आणि मागची सीट भरून खोके आणले. जिना चढून दिले. कंबर धरली आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

कंबरेमुळे घरी. लॅब फिलिपिनो बघतोय. फोन करून विचारलं, काही अडलंय का. नाही म्हणाला. मुलगा भिडस्त आहे, सांगणार नाही.

विचार करायला वेळ मिळाला. दोन मार्ग. एक, शौकतला बाजूला घेऊन स्पष्ट विचारायचं की तुला काय हवंय. दुसरा, अहिल्याला सगळं सांगायचं, म्हणजे त्याच्या हातात काही उरणार नाही. दोन्ही मार्ग चांगले आहेत. त्यामुळे घाई नको.

अहिल्याने कंबरेला मलम चोळलं. चोळताना म्हणाली, तुम्हाला काही सांगायचंय का? म्हटलं, जरा डावीकडे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

दुपारी सुबोधकडे सगळ्यांचं जेवण होतं. वेळ घालवायला हल्ली असंच करतो. आम्ही तिघे, शौकत आणि झेबा. जेवणं झाली, पानं उचलतोय तोच सायरन. सगळे सुबोधच्या बेडरूममध्ये. टॉवेल मी कोंबला. या वेळी सगळे आत आहेत हे पाहून. मास्क लावून आम्ही भिंतीला टेकून बसलो. झेबाला उशी दिली.

बराच वेळ काही झालं नाही. शौकतने मास्क जरा वर केला आणि म्हणाला, एक सांगायचं होतं. आता सगळे आहेत तर सांगतो.

मला कळलं, आली वेळ. मी अहिल्याकडे पाहिलं. मास्कमुळे ती दिसत नव्हती, नुसत्या काचा.

शौकत म्हणाला, रविवारी जेद्दाला गाडी जाणार आहे. तिथून मुंबईच्या विमानात दोन सीट मिळाल्यात. त्याची आणि झेबाची. बाळंतपणासाठी तो तिला हर्णैला नेणार होता. पण काल त्याने आपली सीट डॉक्टरसाहेबांच्या नावावर केली. सुटीच्या कागदासाठी आपल्या कफीलकरवी मुदीरकडे शब्द टाकलाय, दोन दिवसांत होईल. झेबा विमानात माझ्याबरोबर जाईल आणि मुंबईत तिचे वडील घ्यायला येतील.

"तिकडं आई वाट बघतेय आणि पोरगा इथं सायरन ऐकतोय," तो म्हणाला. "मला बघवत नाही. मी नंतर जाईन."

झेबा खाली बघत होती. तिला नवरा बरोबर हवा होता, हे मास्कमधूनही दिसत होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही. रुचाने मास्क काढला आणि म्हणाली, "अंकल, कौन सी आई? नासिकवाली नानी तो ठीक है. पप्पा की आई तो कब की गुजर गई. आय वॉज इन सेकंड स्टँडर्ड. उनका फोटो है ना हॉल में, हारवाला."

शौकत म्हणाला, "ते फोटोतल्या म्हणजे..."

अहिल्या म्हणाली, "माझ्या सासूबाई."

शौकत म्हणाला, त्याला वाटलं ते कोणी आजी असतील. हार घातलाय म्हणजे गेलेल्या, एवढं त्याला कळलं होतं. त्यावर विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून विचारलं नाही.

मी म्हटलं, यात एक गैरसमज झालाय. म्हटलं, आई म्हणजे व्यापक अर्थाने. म्हटलं, माझी एक मावशी आहे. मास्कमधून आवाज नीट जात नव्हता, ते एक बरं झालं. मग मास्क काढला आणि पुन्हा सांगायला गेलो तर सुबोध म्हणाला, "असू द्या डॉक्टर."

तेवढ्यात धोका टळल्याचा सायरन झाला. बाहेर काही पडलं नव्हतं. शौकतने टॉवेल काढला, पिळून बादलीवर टाकला, झेबाला हात देऊन उठवलं आणि दोघं खाली गेले.

९ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी शौकतकडे गेलो. माफी मागायला नव्हे, परिस्थिती समजावून द्यायला. तो सीटचं नाव परत बदलण्यासाठी फोनवर होता. बदलून मिळत नव्हतं. माझं नाव काढलं तर सीट वेटिंगवरच्या दुसऱ्या कोणाला तरी जात होती. फोन ठेवून म्हणाला, झेबाला सोडायला मी जेद्दापर्यंत जातो, विमानात ती एकटी जाईल.

मी म्हटलं, तू मला आधी विचारायला हवं होतंस.

तो म्हणाला, "रोज तर विचारत होतो."

मग म्हणाला, "मुदीरसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं डॉक्टर. ते खरं होतं."

मला त्याच्याकडे काही मागणी असेल तर ती मान्य करायची तयारी होती. त्याने काही मागितलं नाही.

अहिल्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही, असं नाही. मीठ दे म्हटलं तर दिलं.

१० फेब्रुवारी, रविवार

पहाटे गाडी गेली. खिडकीचं प्लास्टिक जरा सोडवून पाहिलं. झेबा मागच्या सीटवर, उशीला टेकून. अहिल्या खाली उभी होती. तिने झेबाच्या मांडीवर डबा ठेवला आणि खिडकीतून हात घालून तिच्या केसांवरून फिरवला. दोघी काही बोलल्या. ऐकू आलं नाही.

वर आल्यावर अहिल्याने मला सांगितलं, प्लास्टिक परत चिकटवा.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आता गावभर होणार. राजीनाम्याचा मसुदा डोक्यात तयार ठेवलाय. हॉस्पिटलात सगळ्यांच्या नजरा बदलल्यात का ते पाहिलं. मेट्रनने गुड मॉर्निंग म्हटलं. नेहमीपेक्षा लवकर म्हटलं का? सुबोधला विचारलं, लोक काय म्हणतात. तो म्हणाला, कशाबद्दल? मग म्हणाला, पाण्याचे कॅन मिळत नाहीयेत म्हणतात.

शौकत परत आला. झेबा सुखरूप पोचली. विमानात शेजारची सीट एका केरळी नर्सला मिळाली, तिने फार सांभाळून नेलं, असं अहिल्याकडून कळलं. मला थेट कोणी सांगत नाही. मुदीरकडे टाकलेला शब्द शौकतने मागे घेतला, तेही अहिल्यानेच सांगितलं. कारण काय दिलं ते विचारलं नाही.

मुदीरना खरं कारण सांगून मूळ अर्जही मागे घ्यावा, असा एक विचार आला. पण युद्धाच्या धामधुमीत त्यांना त्रास कशाला.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी सायरनपाठोपाठच आवाज झाला. खिडकीच्या काचा हलल्या. शेजारच्या खोबर शहराच्या बाजूला अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर क्षेपणास्त्र पडलं. खूप माणसं गेली. कोवळी पोरं, असं रेडिओवर म्हणत होते.

मी खोलीत होतो. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बसलो होतो. अहिल्या आणि रुचा पलंगावर बसल्या होत्या, एकमेकींचे हात धरून. रुचा म्हणाली, पप्पा, इकडे या ना. मराठीत म्हणाली. मी म्हटलं, इथून दारावर लक्ष राहतं.

शौकतने दार वाजवलं, सगळे ठीक ना विचारलं. अहिल्याने ठीक म्हणून सांगितलं. तो पुढे सुबोधकडे गेला.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

युद्ध संपलं. टेप काढताना भिंतीचा रंग निघाला. उत्तरेकडून काळपट ढग येतायत, तेलविहिरी जळतायत म्हणे. वाळत घातलेले पांढरे कोट करडे झाले.

हिशेब मांडला तर मी या परीक्षेत उत्तीर्ण झालो. शेवटपर्यंत दम्माम सोडलं नाही.

६ मार्च, बुधवार

मुदीरनी बोलावलं. शौकत नव्हता, एका सुदानी क्लार्कने भाषांतर केलं. रजा मंजूर झाली. आजारी आईला भेटायला जाण्यासाठी. युद्धामुळे कागद अडकले होते, त्याबद्दल कफीलना फार वाईट वाटलं, म्हणून तिकीट हॉस्पिटलकडून. मुदीर उठून उभे राहिले आणि त्यांनी मला मिठी मारली.

मी म्हटलं, आता तिला बरं आहे. क्लार्कने ते सांगितलं की नाही कोण जाणे. मी म्हटलं, लॅबचं काय. मुदीर म्हणाले, लॅब छान चाललीय, घाई करू नका.

ही रजा वर्षाच्या रजेतून कापली जाणार. म्हणजे मे महिन्यात आम्ही तिघे जाणार होतो, ते नाही. अहिल्याला सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. रुचा म्हणाली, "सो वी स्टे अँड यू गो. नाउ." आणि खोलीत गेली.

९ मार्च, शनिवार

शौकतने झेबासाठी एक पिशवी दिली. बाळाची दुपटी, खजूर. मुंबईहून हर्णैच्या एसटीत घालायची. म्हणाला, जमलं तर. मी म्हटलं, मी स्वतः नेऊन देईन. तो म्हणाला, नको, एसटीत घातली तरी पोचते.

विमान निम्मं रिकामं. उलट दिशेने येणारी सगळी भरलेली.

११ मार्च, सोमवार. मुंबई

बहीण सुधाकडे, लालबागला. मी येणार हे तिला तारेने कळवलं होतं. तिने विचारलं, आता का आलास? युद्ध तर संपलं. म्हटलं, कामानिमित्त. मेहुणे पेपर वाचत होते. शेजारचे दोघे येऊन बघून गेले. त्यांना सांगण्यासाठी मी काही प्रसंग काढून ठेवले होते. त्यांनी विचारलं, तिकडे व्हीसीआर स्वस्त मिळतो का.

आईची खोली सुधाने एका शिकणाऱ्या मुलाला दिली आहे. मी हॉलमध्ये झोपलो.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला. मी लहानपणी इथेच वाढलो, तो भोंगा रोज ऐकलाय. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. सुधा सांगते की मी उठून मोरीत गेलो, तिचा टॉवेल बादलीत बुचकळला आणि आत बसून दाराखाली कोंबला. तिने दार वाजवलं तर मी आतून ओरडत होतो, अहिल्या, रुचा, आत या, लवकर आत या.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सुधा दारातच खाली बसली होती. शिकणारा मुलगा ब्रश घेऊन मागे उभा होता, त्याला तिने गॅलरीत जायला सांगितलं. मला म्हणाली, फार घाबरला होतास का रे तिकडे?

मी हो म्हटलं.

ती उठली, चहा टाकायला गेली. मी टॉवेल पिळला.